५२ − २७ = ३५ : उत्तर एकच, चुका दोन

ताई, तुमचा मुलगा तिसरीत, मराठी माध्यमात आहे, घरी कोकणी बोलता आणि रोज वीस वजाबाक्या घालूनही ५२ − २७ चं उत्तर तो ३५च काढतो, असं तुम्ही लिहिलंय. वीसच्या तीस करू नका. सरावाने त्याची चूकच पक्की होत चालली आहे.

आधी चूक कुठली ते बघा, कारण ३५ दोन वाटांनी येतं. एक तर २ मधून ७ जात नाहीत म्हणून मूल उलट ७ − २ करतं. किंवा १२ − ७ बरोबर करतं, पण वरच्या ५ चे ४ करायला विसरतं. दोन्हीकडे एककात ५च येतात, त्यामुळे वही बघून काही कळत नाही. ५४ − २७ घाला. ३३ आलं तर पहिली चूक, ३७ आलं तर दुसरी. बरोबर उत्तर २७. मग ‘कशें केलें तें सांग’ म्हणा आणि कोकणीतूनच सांगू द्या. मराठीत सांगायला लावलं की मुलं पाठ केलेलं वाक्य म्हणतात.

पहिली चूक असेल तर झावळीच्या हिरांचे (पात्यांमधल्या कडक काड्यांचे) बोटभर लांबीचे साठ तुकडे करा (टोकं कापून टाका, टोचतात). दहा-दहांचे गठ्ठे रबराने बांधा. पाच गठ्ठे आणि चार सुटे समोर ठेवून २७ मागा. सात सुटे द्यायला तो अडेल. तिथे तुम्ही काही बोलू नका, रबर त्यालाच काढू दे. ‘उसने घे’ हा शब्द सध्या टाळा, उसनं म्हटलं की परत करायचं असं मुलांना वाटतं. ‘गठ्ठा सोड’ म्हणा. गठ्ठा सुटला की त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि एककावर १४ लिहून घ्या. हे राहिलं तर हिरांचा खेळ एकीकडे आणि गणित दुसरीकडे राहतं.

दुसऱ्या चुकीला हीर लागत नाहीत. आधी दशक खोडायचा, मगच एककाला हात लावायचा, एवढा क्रम बसवा.

रोज वीस मिनिटं, पाचच गणितं पुरेत. त्यातली दोन बिनहातच्याची असू देत, नाहीतर तो ५८ − २३ मध्येही गठ्ठा सोडेल.

गणित तोंडी सांगत असाल तर तो काय लिहितो तेही बघा. ‘बावन्न’मध्ये दोन आधी ऐकू येतात, म्हणून २५ लिहिलं जातं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली, त्यामागे हीच अडचण होती.

शून्याची गणितं शेवटी घ्या. ४०३ − १५८ मध्ये मुलं मधल्या शून्यावर अडकतात. ४०३ म्हणजे ४० दशक आणि ३ सुटे. एक गठ्ठा सोडला की ३९ दशक आणि १३. आता १३ − ८ = ५, ३९ − १५ = २४. उत्तर २४५, आणि त्यात १५८ मिळवून ४०३ येतात का ते त्यालाच बघू द्या.