तटस्थ देशात गेलं की युद्धातून सुटका होते का?

नोकरीचे दोन प्रस्ताव हातात आहेत, एक स्वीडनचा, एक स्वित्झर्लंडचा. आणि 'उद्या मोठं युद्ध पेटलंच तर तटस्थ देशात असलेलं बरं' म्हणून तुम्ही स्वीडनवर, म्हणजे आता नाटो या लष्करी आघाडीत असलेल्या देशावर, फुली मारायला निघालात. मी स्वीडनमध्येच राहतो, तेव्हा माझं मत थोडं इकडे झुकणारच. तरी सांगतो.

तटस्थ राहायचं की नाही हे तो देश एकटा ठरवत नाही. भांडणाऱ्या दोघांना त्याच्या जमिनीवरचं काही हवं आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन करारात बड्या सत्तांनी घेतली होती, त्यात ब्रिटन होता आणि प्रशियाही, म्हणजे ज्याच्याभोवती पुढे जर्मनी उभा राहिला तो देश. पण १९१४ मध्ये जर्मनीला फ्रान्स गाठायचा होता आणि सोयीची वाट बेल्जियममधून जात होती. २ ऑगस्टच्या संध्याकाळी 'फौजांना वाट द्या' असा जर्मनीचा खलिता आला, उत्तराला मुदत बारा तास. बेल्जियमने नकार दिला, ४ तारखेला फौजा आत घुसल्या आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरलं. मूळ तंटा कुणाचा, तर ऑस्ट्रिया आणि सर्बियाचा!

दुसऱ्या महायुद्धात तटस्थ नॉर्वेची गत तर आणखी बिकट, कारण त्याला दोन्हीकडून रेटलं गेलं. स्वीडनच्या किरुना भागातलं लोहखनिज हिवाळ्यात नॉर्वेच्या नार्विक बंदरातून जर्मनीला जायचं. ब्रिटनला ते तोडायचं होतं. फेब्रुवारी १९४० मध्ये आल्टमार्क हे जर्मन जहाज सुमारे ३०० ब्रिटिश कैदी आपल्या तळाशी कोंडून नॉर्वेच्या हद्दीतून चाललं होतं. नॉर्वेच्या नौदलाने वरवर तपासणी करून ते सोडलं. मग कोसॅक ही ब्रिटिश विनाशिका सरळ नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, शिरली आणि कैद्यांना सोडवून घेऊन गेली. नॉर्वेने निषेध खलिता धाडला, दुसरं करणार काय? इकडे हिटलरने नॉर्वेवरच्या स्वारीची तयारी घाईला आणली. ८ एप्रिलला ब्रिटनने नॉर्वेच्या पाण्यात सुरुंग पेरले, ९ ला जर्मन सैन्य उतरलं.

स्वीडनही तेव्हा तटस्थ होता. तो वाचला, पण फुकटात नाही. खनिज विकत राहिला, आणि १९४१ मध्ये जर्मनीची अख्खी डिव्हिजन (हजारो सैनिकांची तुकडी) आपल्या रेल्वेने फिनलंडकडे जाऊ दिली. स्वित्झर्लंडवरही १ एप्रिल १९४४ रोजी बॉम्ब पडले, अमेरिकन विमानांनी चुकून टाकलेले. शाफहाउझेन गावात ४० जण गेले.

आता आजचं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत गेले. स्वीडनच्या कायद्यात सर्वंकष संरक्षणाची, म्हणजे लष्करी आणि नागरी दोन्ही कामांची, जबाबदारी १६ ते ७० वयाच्या प्रत्येक रहिवाशावर आहे. सक्तीची लष्करी सेवा फक्त नागरिकांना, पण नागरी कामाला परदेशी रहिवाशांनाही बोलावता येतं. हे तुम्हाला बहुधा कुणी सांगितलं नसेल. २०२४ च्या अखेरीस सरकारने घरोघरी पुस्तिका वाटली: किमान आठवडाभर पुरेल एवढं अन्नपाणी घरात ठेवा. आम्ही ठेवलंय, आणि झोप व्यवस्थित लागते.

मी तुमच्या जागी असतो तर युद्धाचा मुद्दा यादीत खाली ढकलला असता. कायम निवास किती वर्षांनी मिळतो, नोकरी गेली तर परवान्याचं काय होतं, जोडीदाराला लगेच काम करता येतं का, हे दोन्ही कंपन्यांना लेखी विचारा. उत्तरं आली की कळवा, मग पगाराचं बोलू.