शहरांच्या हवामानाची तुलना करताय? मग हे आधी बघा
वर्षाच्या एकाच सरासरीवर विसंबू नका. महिनावार कमाल-किमान तापमान घ्या, आणि दोन्ही शहरांसाठी १९९१ ते २०२० हाच ३० वर्षांचा कालखंड धरा.

पावसाच्या बाबतीत तर हमखास फसगत होते! लंडन पावसाळी म्हणून ओळखलं जातं, पण तिथे वर्षाला पडतो साधारण ६०० मिलिमीटर. न्यूयॉर्कमध्ये जवळपास दुप्पट. लंडनमध्ये बारीक रिपरिप असते, न्यूयॉर्कमध्ये सरी जोरदार. म्हणून मिलिमीटरबरोबर पावसाचे दिवसही मोजा.

दमटपणासाठी मला सापेक्ष आर्द्रतेपेक्षा दवबिंदू (म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते) जास्त भरवशाचा वाटतो. तो २० अंशांच्या वर गेला की घाम लवकर वाळत नाही, अंग चिकचिकतं. समुद्रसपाटीपासूनची उंचीही बघाच: इक्वेडोरची राजधानी कीटो विषुववृत्ताला खेटून आहे, तरी सुमारे २,८५० मीटरवर असल्यामुळे बारमाही गार.