व्हिस्कॉसिटी मोजणाऱ्या उपकरणांत करिअर होईल का?

प्रश्न : मी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्लिसरीनमध्ये छर्रा सोडून व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, काढायचा प्रयोग मला फार आवडला. अशी उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत काम करावंसं वाटतं. पण ‘त्यातलं सगळं शोधून झालंय’ असं सगळे म्हणतात. बाबा म्हणतात, सरळ सॉफ्टवेअरकडे वळ. काय करू?

उत्तर : सगळे म्हणतात त्यात निम्मं तथ्य आहे. तुझ्या प्रयोगामागचं स्टोक्सचं सूत्र १८५१ चं. त्याच्याही आधी पोएझ्वी या फ्रेंच डॉक्टरने बारीक नळ्यांतल्या प्रवाहाचा नियम शोधला, तोही रक्ताभिसरण समजून घ्यायच्या नादात. तत्त्वं जुनीच आहेत.

पण तत्त्व सापडल्यावर उपकरण लगेच तयार होत नाही. फॅरडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्समध्ये तांब्याच्या पट्ट्या सोडल्या. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून वाहणाऱ्या पाण्यात विद्युतदाब निर्माण व्हायला हवा, तो पकडायचा, असा त्याचा बेत होता. तर्क बरोबर होता, मोजमाप मात्र जमलं नाही. त्याच तत्त्वावरचे मॅग्नेटिक फ्लोमीटर, म्हणजे प्रवाह मोजणारी उपकरणं, कारखान्यांत बसू लागली ती १९५० च्या दशकात. कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाचा फिरत्या यंत्रांतल्या गतीवरचा शोधनिबंध १८३५ चा, आणि त्यावर चालणारे फ्लोमीटर विकले जाऊ लागले १९७० च्या दशकात. या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या फटीत जे काम झालं, तेच तुला करायचंय.

बाबांचं म्हणणंही अगदीच उडवून लावू नकोस. कोरिऑलिस मीटरमध्ये नळी सतत कंप पावत असते आणि आतून द्रव वाहू लागला की तिच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या बाजू एकाच वेळी न हलता किंचित मागेपुढे हलतात. वेळेतला हा फरक सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागाइतका असतो. शेजारी पंप धडधडत असताना तो गोंगाटातून वेगळा काढणं हे सिग्नल प्रोसेसिंगचं काम. म्हणजे सॉफ्टवेअर शीकच, फक्त ते कशासाठी शिकतेयस ते ठरवून शीक.

व्हिस्कॉसिटीकडे यायचं तर ब्रुकफिल्ड कंपनीचा व्हिस्कोमीटर (व्हिस्कॉसिटी मोजणारं उपकरण) नीट समजून घे. १९३० च्या दशकातली त्याची कल्पना आजही टिकून आहे. मोटर एका स्प्रिंगमार्फत द्रवात बुडवलेलं स्पिंडल (दांडा किंवा त्याच्या टोकाची चकती) फिरवते. द्रव जितका विरोध करेल तितकी स्प्रिंग पिळली जाते आणि तो पीळ वाचला जातो. इतकं साधं. गोची पुढे आहे. चकतीचं स्पिंडल सरळ खाली सोडलं की तिच्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा चुकतो. म्हणून ते तिरकं करून बुडवतात. पाणीसुद्धा खोलीच्या तापमानाला वाढत्या अंशागणिक सुमारे दोन टक्क्यांनी पातळ होतं, घट्ट तेलाचं तर विचारूच नकोस. रंग किंवा केचपला एकच व्हिस्कॉसिटी नसते. जितकं जोरात ढवळाल तितके ते पातळ होतात. त्यामुळे स्पिंडल कुठलं, आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, तापमान किती, हे न लिहिता दिलेल्या आकड्याला अर्थ नाही. ‘तुमचं मशीन चुकीचं दाखवतंय’ अशी तक्रार आली की निम्म्या वेळा कारण यांतलंच काहीतरी निघतं. ते शोधून ग्राहकाला समजावणारा माणूस म्हणजे ॲप्लिकेशन इंजिनीअर. फिजिक्सच्या पदवीवर या धंद्यात शिरायचं तर माझ्या मते हेच दार सगळ्यात सोपं. डिझाइन विभागात थेट घेतलं जाईल अशी आशा धरू नकोस. तिथे इन्स्ट्रुमेंटेशन किंवा मेकॅनिकलची पदव्युत्तर पदवी मागतात. कॅलिब्रेशन लॅब, म्हणजे उपकरणं बरोबर मोजतात का ते प्रमाणाशी ताडून पाहणारी प्रयोगशाळा, हा आणखी एक रस्ता आहे, शांत आणि काटेकोर स्वभावाच्या माणसाला मानवणारा. त्यासाठी आयएसओ १७०२५ हे अशा प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आणि मोजमापातल्या अनिश्चिततेचं गणित यायला हवं.

या क्षेत्रात कंपन्या मोजक्या आहेत आणि सुरुवातीच्या बऱ्याच जागा विक्रीच्या असतात, हेही लक्षात घे. लोकांशी बोलायचा कंटाळा असेल तर पुन्हा विचार कर.

आत्ता एक कर. प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या किंवा एखाद्या केमिस्ट्री विभागाच्या व्हिस्कोमीटरवर एकच नमुना घे, वेग बदलत मोज, मग तापमान बदलत मोज. प्रत्येक वाचन तीनदा घे. आलेख आणि चुकांचा हिशेब चार पानांत मांड. मुलाखतीला जाताना मार्कशीटच्या आधी ती चार पानं पुढे ठेव.