तीस सेकंदांचा हिशोब

प्रश्न : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू झेलून 'मार्क' (म्हणजे बिनअडथळा किक मारण्याचा हक्क) मिळवलेल्या खेळाडूला गोलवर किक मारायला किती वेळ मिळतो?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : एएफएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या तिथल्या मुख्य लीगमध्ये, ३० सेकंद. मोजे वर ओढणं, पावलं मोजत मागे जाणं, सगळं त्यातच. वेळ संपली की पंच 'प्ले ऑन' (खेळ सुरू) पुकारतो आणि समोरचा खेळाडू थेट अंगावर येऊ शकतो. पण सामन्याचं घड्याळ तोवर चालूच असतं! पाच गुणांनी पुढे असलेला संघ शेवटच्या मिनिटातले ३० सेकंद आरामात खातो. हे मला मुळीच पटत नाही. यशवंत स्टेडियमवर पंचगिरी करताना वेळकाढूपणापायी हरणाऱ्या पोरांची तगमग जवळून पाहिली आहे. निदान शेवटच्या मिनिटात तरी घड्याळ थांबवायलाच हवं.