‘जड’, ‘भार’ आणि ‘जडत्व’

प्रश्न असा आला आहे : “‘जडत्व’ हा शब्द ‘जड’पासून झाला आणि जड म्हणजे वजनदार. मग अंतराळात वस्तू जड राहत नाही, म्हणजे तिचे जडत्वही संपते, असे लिहिणे बरोबर ठरेल का?”

बरोबर ठरणार नाही. मात्र चूक विज्ञानाची नसून ‘जड’ या शब्दाच्या दोन अर्थांची गल्लत झाल्यामुळे होते. संस्कृतात ‘जड’ म्हणजे गारठलेला, ताठरलेला, न हलणारा, चेतना नसलेला. ‘जड-चेतन’ या जोडीतला जड वजनदार नसतो, तो अचेतन असतो. जडभरतालाही जे विशेषण चिकटले ते त्याच्या देहाच्या वजनामुळे नव्हे. ‘जीभ जड झाली’ म्हणताना जीभ हलेनाशी झाली एवढेच आपल्याला सांगायचे असते. जे हलत नाही ते उचलायलाही कष्टाचे, या वाटेने मराठीत ‘वजनदार’ हा अर्थ पुढे आला आणि रोजच्या वापरात तोच मुख्य होऊन बसला. ‘जडत्व’ ही भौतिकशास्त्रातली संज्ञा मात्र जुन्या अर्थाशी इमान राखून आहे. तिच्यातही एक उणीव आहे, कारण स्थिर वस्तू स्थिर राहू पाहते तशीच सरळ रेषेत एकसमान वेगाने चाललेली वस्तू तशीच चालत राहू पाहते, आणि ‘जड’ शब्दातून यातला पहिलाच भाग ध्वनित होतो.

दोन्ही अर्थ हाताने वेगळे करून पाहायचे असतील तर घरातल्या झोपाळ्यासारखे साधन नाही. रिकामा झोपाळा एका बोटाने ढकलता येतो. त्यावर दोन माणसे बसली की तोच हलवायला अख्खा तळवा लावावा लागतो, आणि हलू लागलेला झोपाळा थांबवतानाही पाय घट्ट रोवावा लागतो. या माणसांचे वजन तर कड्यांनी आणि वरच्या तुळईने पेलले आहे, आपण त्यातले काहीच उचलत नाही. तरीही तळव्याला जो विरोध जाणवतो, ते जडत्व.

‘भार’ हा शब्द मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. तो ‘भृ’ म्हणजे धारण करणे, वाहणे या धातूपासून आला असल्यामुळे भार म्हटले की तो पेलणारा कोणीतरी गृहीत असतो. ‘वजन’ मूळचे अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आले. पण मराठीने त्यालाही हाच स्वभाव दिला. ‘त्यांचे वजन आहे’ एवढ्यावर वाक्य पुरे होत नाही. गावात आहे की मंत्रालयात, हे सांगावे लागते. पृथ्वीवर ६० किलो वस्तुमानाच्या (वस्तुमान म्हणजे जडत्वाचे माप) माणसाचे वजन सुमारे ५८८ न्यूटन (बलाचे एकक) भरते, तर चंद्रावर त्याच्या साधारण एक षष्ठांश. माणूस तोच, बदलला तो त्याच्या पायाखालचा गोल.

सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के शिल्लक असते. तेथील माणूस तरंगतो, कारण स्थानकाची जमीनही त्याच्याबरोबरच पडत असते आणि त्याला पेलत नाही. म्हणून वृत्तपत्रांतले ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ चुकीचे आणि ‘भारहीनता’ अगदी नेमके आहे. तिथे साध्या काट्यावर उभे राहून काही कळत नाही. स्प्रिंगला जोडलेल्या आसनाची आंदोलने मोजून वस्तुमान काढण्याचे उपकरण १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावरही होते. भार गेला तरी जडत्व राहते म्हणूनच ही मोजणी शक्य होते.

‘गुरुत्व’ शब्दाचा प्रवासही याला जोडूनच पाहावा. ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात ‘आद्यपतनासमवायिकारणं गुरुत्वम्’ अशी व्याख्या आहे. पहिल्या पतनाला कारण होणारा हा गुण पृथ्वी आणि जल या द्रव्यांत राहतो, म्हणजे तो वस्तूच्या अंगचा, एकट्या वस्तूचा आहे. ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणताच व्यवहार दोघांचा होतो : ओढणारे एक, ओढले जाणारे दुसरे, आणि दोघेही दोन्ही भूमिकांत.

मग निदान जडत्व तरी वस्तूचे एकटीचे मानायचे का? न्यूटनने १६८७ मध्ये पाण्याच्या बादलीचे उदाहरण दिले. पीळ दिलेल्या दोरीला टांगलेली बादली सोडली की आधी बादली फिरते, पाणी सपाट राहते. मग पाणीही तिच्याबरोबर फिरू लागते आणि कडेने चढून मध्ये खोलगट होते. त्या वेळी बादली आणि पाणी यांच्यात सापेक्ष गती उरलेली नसते. मग पाणी फिरते आहे ते कशाच्या मानाने? न्यूटनचे उत्तर होते, निरपेक्ष अवकाशाच्या. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये ते नाकारले आणि दूरच्या ताऱ्यांकडे, म्हणजे उरलेल्या सगळ्या विश्वाकडे बोट दाखवले. आइन्स्टाइनने १९१८ मध्ये या विचाराला माखचे तत्त्व असे नाव दिले. त्याच्या स्वतःच्या सापेक्षता सिद्धान्तात ते कितपत उतरले, यावर आजही मतभेद आहेत. माख बरोबर असेल, तर झोपाळा ढकलताना तळव्याला जाणवणारा विरोधही त्या दूरच्या ताऱ्यांमुळेच असतो. हा विचार मला प्रत्येक वेळी नव्याने थक्क करतो.

लेखनापुरते सांगायचे तर तराजूच्या व्यवहारात ‘वजन ६० किलो’ खुशाल लिहावे, ती रूढी आहे. शास्त्रीय मजकुरात किलोसाठी ‘वस्तुमान’ आणि न्यूटनसाठी ‘वजन’ किंवा ‘भार’ वापरावा. प्रश्नकर्त्यांच्या वाक्यात ‘लागणे’ हे क्रियापद आणले की ते दुरुस्त होते, कारण मराठीत बादली कोणाला तरी जड लागते : “भारहीन स्थितीत वस्तू कोणाला जड लागत नाही, तरी तिचे जडत्व कायम असते.”