काजूच्या टरफलाचं तेल परदेशी पाठवायचंय

प्रश्न: नमस्कार दादा, कुडाळजवळ आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, घरचीच माणसं आणि कटिंगला गावातल्या बायका. टरफलं थोडी बॉयलरला जाळतो, बाकीची गाडीवाला नेतो, तो देईल तो भाव. आता ऐकतोय की टरफलातल्या तेलाला परदेशात मागणी आहे. लायसन्स काढून थेट एक्सपोर्ट करू का?

उत्तर: मागणी खरी आहे. या तेलाला बाजारात सीएनएसएल म्हणतात, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये, जहाजाच्या आणि लोखंडावरच्या पेंटमध्ये, इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये ते जातं. कटिंगवाल्या बायकांचे हात ज्याने सोलवटतात तेच हे तेल, त्यामुळे बाकी काही करा न करा, त्यांना आधी चांगले हातमोजे द्या, ते मला एक्सपोर्टपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता लायसन्सचं. आयईसी नंबर, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या) साइटवर ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये, पॅन आणि बँक खातं लागतं, त्यात अवघड काही नाही. जीएसटीत एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून ठेवलं की टॅक्स न भरता माल पाठवता येतो, आणि बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर, बंदरावर नोंदवायचा. लोक इथेच थांबतात आणि आपण एक्सपोर्टर झालो म्हणतात, पण खरी अडचण मालाची असते.

हिशोब करून बघा. एक टन काजू बी फोडली की साधारण ७०० किलो टरफल निघतं. एक्सपेलरला, म्हणजे तेल दाबून काढणाऱ्या मशीनला, घातलं की त्यातून २० टक्क्यांच्या आसपास तेल, म्हणजे १४० किलो. वीस फुटी कंटेनरमध्ये २०० लिटरचे ८० ड्रम बसतात, म्हणजे साधारण १६ टन तेल, आणि त्यासाठी ८० टन टरफल, म्हणजे ११४ टनांच्या आसपास बी लागते. एवढी बी तुम्ही सीझनमध्ये एकट्याने फोडता का? नसाल तर आयईसी काढूनही कंटेनर भरणार नाही.

दुसरं म्हणजे क्वालिटी. आपल्याकडे बी वाफवून फोडतात त्यामुळे तेल टरफलात शाबूत राहतं हे चांगलंच, पण त्या तेलात ॲनाकार्डिक ॲसिड जास्त असतं, ते तापवून काढावं लागतं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड सुटून फेस येतो, मग उरतं ते बहुतेक कार्डानॉल, आणि कारखान्यांना तेच हवं असतं. खरेदीदार ओलावा, राख, व्हिस्कोसिटी (दाटपणा), आयोडीन व्हॅल्यू सगळं विचारतो. आपलं भारतीय मानक आयएस ८४० आहे, त्याप्रमाणे लॅबचा रिपोर्ट हातात नसेल तर बोलणीच पुढे जात नाहीत. आणि टरफलं पावसात भिजली, उघड्यावर ढीग लागला, माती मिसळली की पहिल्याच ड्रमला तक्रार.

म्हणून माझं म्हणणं असं की यंदा थेट एक्सपोर्ट नको. आजूबाजूचे पाच-दहा कारखानदार एकत्र या, टरफल शेडमध्ये कोरडं साठवा आणि एकत्र सौदा करा, गाडीवाल्याच्या मर्जीवरचा भाव तेवढ्यानेच सुधारेल. एक्सपेलर टाकायचाच असेल तर आधी प्रदूषण मंडळाची संमती घ्या, या तेलाचा धूर त्रासदायक असतो आणि शेजारचं गाव ऐकून घेणार नाही. तेल काढल्यावर उरलेली पेंडही जळणाला जाते, ती हिशोबात धरा. दोन सीझन देशातल्याच कार्डानॉलवाल्या कारखान्यांना माल देऊन क्वालिटी जमली की मग बाहेरचा खरेदीदार शोधा. परदेशी कोटेशन देताना तेलाचा एचएस कोड, म्हणजे कस्टमचा मालाच्या प्रकाराचा नंबर, १३०२ च्या खाली येतो, पण नेमके आठ आकडे कस्टम एजंटकडून पक्के करून घ्या, कच्च्याचा आणि शुद्ध केलेल्याचा कोड वेगळा असतो.

प्रश्न: सर, मला ईमेलवर परदेशातून गवार गमची (गवारीच्या बियांच्या पावडरची) मोठी ऑर्डर आलीये. सरकारी टेंडर आहे म्हणतात, फक्त व्हेंडर रजिस्ट्रेशनची फी आधी भरायची आहे. भरू का?

उत्तर: नका भरू. माल विकत घेणारा विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही, हा जुनाच फसवणुकीचा प्रकार आहे, पुढे मग वकिलाची फी, सर्टिफिकेटची फी असं चालूच राहतं. खरा खरेदीदार आधी सॅम्पल मागेल, मेश (पावडर किती बारीक ते) आणि व्हिस्कोसिटी विचारेल, भावावरून घासाघीस करेल. तुम्ही त्यांना ॲडव्हान्स किंवा एलसी, म्हणजे त्यांच्या बँकेचं पैशांच्या हमीचं पत्र, मागा, आणि उधारीवर माल द्यायचा झालाच तर आधी ईसीजीसीकडून, म्हणजे निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडून, त्या खरेदीदाराची क्रेडिट लिमिट मंजूर होते का ते बघा.