आधारची झेरॉक्स भेळेच्या पुडीत

प्रश्न: परवा गंगेवर (गोदाकाठी) भेळ घेतली, पुडीचा कागद बघते तर कुणाच्यातरी आधारची झेरॉक्स, फोटो-पत्त्यासकट! माझीही अशीच कुठे फिरत असेल का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर: ताई, वाचूनच धस्स झालं. आधारचं प्राधिकरण बोटांचे ठसे कायद्याने कुणालाच देऊ शकत नाही, पण आपणच दुकानादुकानात वाटलेल्या झेरॉक्सवर त्यांचा हात पोचत नाही ना, खरी गळती तिथेच होते. यापुढे मास्क्ड आधारच द्या, त्यात आधार नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि हो, आधारच्या वेबसाइटवरून बायोमेट्रिक लॉक (म्हणजे बोटांचे ठसे वगैरे वापरायला कुलूप) आजच करून टाका. आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही तिथेच दिसतं, अनोळखी नोंद दिसली की लगेच १९४७ ला फोन लावा. तो कागद फाडून टाकलात ना?